४० टक्क्यांचं ब्लॉकेज तसंच का ठेवलं?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही कऱ्हाड तालुक्यातले. माझे थोरले बंधू, आमचे दादा, वय ४९, प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. अंगानं सडपातळ. माळकरी असल्यामुळे मांस-मच्छी, दारूला कधी शिवले नाहीत. रोज पहाटे तीन-चार किलोमीटर चालतात. तंबाखूची चिमूट सोडली तर कसलं व्यसन नाही. तरी दिवाळीनंतर त्यांना मोठा अटॅक आला. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी एका शिबिरात पट्ट्यावर चालायची टेस्ट केली होती, ती नॉर्मल होती. अँजिओग्राफीत एक नस पूर्ण बंद निघाली, तिथे स्टेंट टाकला. दुसऱ्या दोन नसांत ४० आणि ५० टक्के ब्लॉकेज आहे, ते मात्र तसंच ठेवलं. 'याला गोळ्या पुरेत' एवढंच डॉक्टर म्हणाले. पुन्हा बोलावून पैसे काढायला ठेवलं असेल का? घरात सगळ्यांना तीच धास्ती आहे.

वहिनी आता रोज लिंबू, आलं, लसूण यांचा रस सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये उकळून, मध घालून देतात. त्यानं नसा साफ होतात असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. वाईट कोलेस्टेरॉल अटॅकच्या वेळी ११८ होतं, महिन्यापूर्वी ५८ आलं, म्हणून वहिनींनी ती गोळी बंद केली. त्या गोळीनं अंग दुखतं असंही दादा म्हणत होते. एक पाहुणे सांगतात की सलाईनमधून औषध देऊन ब्लॉकेज विरघळवणारं सेंटर आहे, तीस सलाईन घ्यावी लागतात. दादांचं मन तिकडे ओढतंय. हल्ली चालताना त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. 'वय झालं' म्हणून सोडून देतात. आमचे वडील ५२व्या वर्षी शेतात कोसळून गेले. मी ४३ वर्षांची आहे. मला काही त्रास नाही, पण आता भीती वाटते.

– एक बहीण

उत्तर

ताई,

बाकीचं नंतर वाचा, आधी वहिनींना फोन लावा. कोलेस्टेरॉलची गोळी बंद केल्याचं दादांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच कळवायचं आणि ते सांगतील तशी ती पुन्हा सुरू करायची. त्याच फोनवर विचारा, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या तरी नीट चालू आहेत ना. एक गोळी बंद झालेल्या घरात दुसरी बंद व्हायला वेळ लागत नाही, आणि नव्या स्टेंटच्या बाबतीत या दोन गोळ्यांत खंड पडणं फार घातक. स्टेंट म्हणजे शरीराला परकी असलेली धातूची जाळी. तिच्यावर आतलं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याची भीती असते. अटॅकनंतर बहुतेकांना या दोन्ही गोळ्या वर्षभर देतात. कोणती कधी थांबवायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

झाला फोन? आता सावकाश बोलू.

'नसा साफ होतात', 'ब्लॉकेज विरघळतं' असं तुमच्या घरात बोललं जातंय. त्यामागं एक चित्र आहे: नळीत गाळ साचला, नळी अरुंद झाली, गाळ खरवडला की पाणी पुन्हा धो धो. हे चित्र तुमच्या मनात आपोआप आलेलं नाही. पिवळा लगदा भरलेल्या नळीचे तक्ते दवाखान्यांत आम्ही डॉक्टरच लावतो. पन्नास पेशंट बाहेर बसलेले असताना दोन मिनिटांत समजवायचं तर तेच सोयीचं पडतं. पण तुमच्या पत्रातलं एकेक कोडं पाहा. टेस्ट नॉर्मल असून अटॅक कसा आला, ४० टक्के तसंच का ठेवलं, आकडा ५८ आल्यावर गोळी कशाला. यातलं एकही त्या नळीच्या चित्रातून सुटत नाही.

धमनीची भिंत जिवंत असते. तिला तीन थर असतात आणि सगळ्यात आत, रक्ताच्या बाजूला, एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींचं अस्तर असतं, जाडी फक्त एका पेशीची. आजार होतो तो या अस्तराच्या पलीकडे, भिंतीच्या आत. रक्तातून चरबी वाहून नेणारे कण असतात. त्यांतल्या एका जातीचं नाव एलडीएल. रिपोर्टमध्ये वाईट कोलेस्टेरॉल म्हणून जो आकडा येतो तो या कणांमधल्या कोलेस्टेरॉलचा. हे कण इतके बारीक असतात की अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात. बरेचसे बाहेरही पडतात, पण काही तिथल्या तंतूंना अडकून राहतात आणि हळूहळू खराब होतात. रक्तात कण जितके जास्त आणि ते जितकी जास्त वर्षं फिरत राहतात, तितके अडकणारेही वाढतात. रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांनी अस्तर आधीच दुखावलेलं असेल तर मग विचारूच नका.

खराब झालेला कण शरीराला परका वाटतो. तो उचलायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात आणि दिसेल तो कण गिळत सुटतात. पण कोलेस्टेरॉल मोडून संपवायची सोय या पेशींकडे नाही. गिळलेलं पोटात साठत जातं, पेशी फुगते, शेवटी मरते आणि पोटातलं सगळं तिथेच सांडतं. ते उपसायला नव्या पेशी येतात, त्यांचीही तीच गत होते. अशी वर्षांमागून वर्षं गेली की भिंतीच्या आत मऊ चरबीचा आणि मेलेल्या पेशींचा साठा तयार होतो. शरीर त्यावर तंतूंचं झाकण घालतं, पुढे त्यात कॅल्शियमही बसतं. यालाच आम्ही प्लाक म्हणतो. तुलना करायचीच तर गळवाशी करा. कातडीच्या आत पू, वर ताणलेली पातळ त्वचा, भोवती सूज. गळवावरून कितीही पाणी ओतलं तरी आतला पू जागचा हलत नाही.

हे काही नवं ज्ञान नव्हे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल विरघळवून सशांना खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत चरबीनं फुगलेल्या याच पेशी पाहिल्या. आणि हा म्हातारपणाचा आजारही नव्हे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासून १९५३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. म्हणजे दादांचा अटॅक दिवाळीनंतर आला, पण त्याची सुरुवात ते डीएड करत होते तेव्हाच कधीतरी झाली असणार.

प्लाक सगळीकडे सारखं होत नाही. जिथे धमनीला फाटा फुटतो, रक्ताचा वेग मंदावतो, प्रवाह उलटसुलट होतो, तिथे ते आधी धरतं. हृदयाच्या डाव्या धमनीच्या फाट्यापाशी, मानेत मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या दुभाजकावर, पोटातून पायांकडे दोन वाटा फुटतात तिथे. हे लक्षात ठेवा, दादांच्या पोटरीकडे मी नंतर येणार आहे.

आता पट्ट्यावरची टेस्ट. भिंतीत प्लाक वाढायला लागलं की ते लगेच आत, रक्ताच्या वाटेत घुसत नाही. धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट तेवढीच मोकळी ठेवते. शिकागोच्या सीमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांचे काप मोजून हे दाखवलं: प्लाकनं धमनीतली साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होतच नाही (हे ४० अँजिओग्राफीतल्या ४० टक्क्यांहून वेगळे). पुढे झाली तरी आराम करताना रक्त कमी पडत नाही, कारण हृदयाच्या धमन्यांत बरीच राखीव क्षमता असते. पट्ट्यावर पळवून आपण एवढंच पाहतो की जोरात काम करताना हृदयाला रक्त कमी पडतं का. वाट बरीचशी बंद असेल तर ते कळतं. भिंतीत काय दडलंय ते त्या टेस्टला दिसत नाही, दिसणारही नाही. त्यामुळे शिबिरातली टेस्ट खोटी होती असं समजू नका. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं बरोबर दिलं होतं. शिबिरवाले मात्र 'हार्ट एकदम ओके' असा शिक्का मारून माणसाला घरी पाठवतात, याची मला चीड येते.

दादांच्या त्या नसेत शिबिराच्या दिवशी बहुधा मध्यम आकाराचं, मऊ, पातळ झाकणाचं प्लाक होतं. भोवतीच्या सुजेनं झाकण पोखरलं जातं. एक दिवस ते फाटतं आणि आतली चरबी रक्ताच्या संपर्कात येते. शरीराला वाटतं जखम झाली. जखमेवर शरीर जे करतं तेच इथेही करतं, गुठळी बांधतं. बोट कापल्यावर हीच गुठळी जीव वाचवते, तीन-चार मिलिमीटरच्या धमनीत ती काही मिनिटांत वाट बंद करते. काहींच्या बाबतीत झाकण फाटत नाही, नुसतं वरचं अस्तर सोलवटतं, आणि तरी गुठळी होते. अँजिओग्राफीत जे शंभर टक्के दिसलं त्यातला मोठा भाग या ताज्या गुठळीचा असणार.

इथे तुम्ही मला लगेच अडवाल: मग उरलेली ४० आणि ५० टक्क्यांची प्लाकही फाटू शकतात, तर तिथे आधीच स्टेंट का नको? प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की अँजिओग्राफीत फक्त रक्ताच्या वाटेची सावली दिसते, भिंत दिसत नाही. ज्या माणसाच्या दोन ठिकाणी ४० टक्के दिसतंय त्याच्या भिंतींत आणखी कितीतरी ठिकाणी काहीच न दिसणारी प्लाक असतात. एकेकटं मोजलं तर मोठं प्लाक जास्त धोक्याचं, पण लहानांची संख्याच एवढी मोठी असते की बरेच अटॅक त्यांतूनच येतात. सगळीकडे जाळ्या बसवत सुटता येत नाही, आणि प्रत्येक जाळीबरोबर गुठळीचा थोडा धोका आणि पुन्हा अरुंद होण्याची शक्यता आपण विकत घेतो.

अटॅकनंतर दुसऱ्या नसेत ७० टक्क्यांच्या वर अडथळा असेल तर तिथेही स्टेंट टाकल्यानं पुढचे अटॅक कमी होतात, हे २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. ५० ते ७० च्या मधलं असेल तर बारीक तारेनं अडथळ्याच्या पुढचा-मागचा दाब मोजून ठरवतात. त्याखाली गोळ्या. अटॅक न येता फक्त चालताना छातीत दुखणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या लोकांची गोष्ट आणखी वेगळी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा ५,१७९ जणांचे दोन गट केले. एका गटाला गोळ्यांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी फक्त गोळ्या. तीन-सव्वातीन वर्षांनी अटॅक आणि मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. स्टेंटवाल्यांचं छातीत दुखणं मात्र जास्त कमी झालं, तेही काही थोडं नव्हे.

तेव्हा दादांच्या डॉक्टरांनी नियमाला धरूनच केलंय. आणि पैशाचा संशय आलाच असेल तर उलटा विचार करा. पैसे स्टेंट टाकल्यानं मिळतात, न टाकल्यानं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटला सुमारे तीस हजारांची कमाल किंमत ठरली. त्याआधी त्यासाठी लाख-दीड लाखही मोजावे लागत. एवढं मिळत असताना 'याला गोळ्या पुरेत' म्हणणारा डॉक्टर मला तरी विश्वासाचा वाटतो. त्यानं ते नीट बसून समजावलं नाही, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे.

वहिनींच्या काढ्याबद्दल. लिंबू, आलं, लसूण स्वयंपाकात जरूर असावेत. पण उकळलेला रस पोटात जातो, पचतो, त्यातलं काहीबाही रक्तात येतं आणि अस्तराच्या अलीकडून वाहून जातं. भिंतीच्या आतली चरबी खरवडण्याची कुठलीच यंत्रणा त्यात नाही. लसणानं कोलेस्टेरॉल किंचित उतरतं, एवढंच. दादा आधीच रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घेतात. त्यांच्यासोबत लसणाचा भरपूर रस म्हणजे रक्तस्रावाची शक्यता वाढवणं, आणि पोटाला टोचणाऱ्या गोळीवर रोज उपाशीपोटी व्हिनेगर म्हणजे जळजळीला आमंत्रण. वहिनींना हे तोडून सांगू नका. नवरा मरता मरता वाचलेल्या बाईला हातानं काहीतरी करायचं असतं. त्यांना दुसरं काम द्या: गोळ्यांचा तक्ता, भाजीतलं मीठ, आणि दादांच्या तंबाखूच्या चिमटीवर नजर.

सलाईनच्या सेंटरबद्दल मी एवढा मऊ राहणार नाही. तिथे देतात ते बहुधा ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते शिशाची विषबाधा झाली तर शरीरातलं शिसं बाहेर काढायला वापरतात. प्लाकमधलं कॅल्शियमही तसंच खेचून काढता येईल, ही मूळ कल्पना. पण प्लाकमध्ये कॅल्शियम उशिरा येतं, आणि धोका असतो तो मऊ चरबी आणि पातळ झाकणाचा. तरी अमेरिकेत याची रीतसर परीक्षा झाली, तीही एकदा नाही, दोनदा. २०१३ च्या अभ्यासात थोडा फायदा दिसल्यासारखा वाटला, मधुमेह असलेल्यांत जरा जास्त. म्हणून अटॅक येऊन गेलेल्या सुमारे हजार मधुमेहींवर तो पुन्हा केला, प्रत्येकी ४० सलाईन. निकाल २०२४ मध्ये आला: काही फायदा नाही. पाहुण्यांना विचारा, सेंटरमधल्या कुणाची सलाईनच्या आधीची आणि नंतरची अँजिओग्राफी त्यांनी स्वतः पाहिली आहे का. तिथे जाऊन बरं वाटलेली माणसं असतात, नाही असं नाही. पण ती सोबत गोळ्याही घेत असतात, चालायलाही लागलेली असतात, आणि अडलेल्या नसेभोवती शरीर स्वतःहून बारीक पर्यायी वाटा काढत असतं. श्रेय सलाईनला जातं.

आता ती बंद केलेली गोळी, स्टॅटिन. ५८ हा आकडा गोळीनं आणलाय. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा आपल्या जागी जाणार. शिवाय अटॅकच्या वेळचं ११८ लॅबच्या कागदावर नॉर्मलच्या रकान्यात छापून आलं असेल. तो रकाना धडधाकट माणसांचा, दादांचा नव्हे. त्यातही अटॅक आल्यानंतर एक-दोन दिवसांत एलडीएल तात्पुरतं उतरतं, त्यामुळे त्यांचा नेहमीचा आकडा ११८ हून जास्तही असू शकेल. ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय त्याचं एलडीएल ५५ च्या खाली ठेवावं, असं हृदयरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं आज सांगतात. म्हणजे ५८ वर गोळी बंद करणं सोडाच, डॉक्टर कदाचित इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतील.

गोळीनं काय होतं, हेही भिंतीकडे पाहूनच कळेल. रक्तातले कण कमी झाले की भिंतीत शिरणारे कमी होतात, आतली सूज ओसरते, मऊ साठा आटतो, झाकण जाड आणि घट्ट होतं. प्लाक गायब होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलेस्टेरॉल उतरवणारं इंजेक्शन आणि स्टॅटिन मिळून एलडीएल सरासरी ३७ पर्यंत खाली नेलं होतं. दीड वर्षानंतर धमनीच्या आतून सोनोग्राफी करून मोजलं, तर प्लाकनं व्यापलेली जागा जेमतेम एक टक्क्यानं घटली होती. पुढच्या अँजिओग्राफीत ४० चे १० झाले नाहीत म्हणून दादांनी खट्टू होऊ नये. ४० टक्के घट्ट होऊन तिथेच बसून राहिलं की काम झालं.

आणि जीव वाचतो का? नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांतल्या ४,४४४ हृदयरुग्णांवर स्टॅटिनची परीक्षा झाली, निकाल १९९४ मध्ये आले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. पाच-साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ माणसं गेली, औषधाच्या गटात १८२. व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याही काढ्याचा असा हिशेब माझ्या पाहण्यात आलेला नाही. वहिनींना 'केमिकल'ची भीती असेल तर त्यांना हेही सांगा की या जातीचं पहिलं औषध जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७० च्या दशकात बुरशीत सापडलं, हजारो बुरशी तपासल्यावर.

अंगदुखी मी उडवून लावणार नाही. स्टॅटिननं काहींचे स्नायू खरंच दुखतात, क्वचित गंभीरही होतं. लघवी गडद झाली किंवा दुखण्यानं जिना चढवेना, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. पण लंडनमध्ये २०२० मध्ये एक गमतीशीर प्रयोग झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी, काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. कोणत्या बाटलीत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. त्यांचं दुखणं खरंच होतं, ते गोळीतल्या औषधातून मात्र बहुतांशी येत नव्हतं. दादांना विचारा, हे दुखणं गोळीच्या आधीपासून होतं का. डॉक्टर स्नायूंची रक्ततपासणी करतील, डोस कमी करतील, दुसरं स्टॅटिन देऊन पाहतील. वाटा बऱ्याच आहेत, स्वतःच बंद करणं तेवढं सोडून.

पोटरीचं दुखणं तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत सांगितलंत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. रात्री झोपेत येणारे गोळे वेगळे. ठरावीक अंतर चाललं की येणारा आणि थांबल्यावर जाणारा गोळा हा पायाच्या धमनीतल्या याच आजाराचा असू शकतो. पोटरीच्या स्नायूला चालताना जास्त रक्त हवं असतं, ते पोहोचत नाही. ४९ हे काही 'वय झालं' म्हणायचं वय नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मोजे काढून दोन्ही पावलांची नाडी पाहायला सांगा, आणि घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करायला सांगा. काही मिनिटांची तपासणी आहे, सुईही टोचावी लागत नाही. तोवर अनवाणी फिरणं बंद. यंदा वारीला जायचं मनात असेल तर आधी हे झालंच पाहिजे.

आणि पायाच्या धमन्यांचा सगळ्यात मोठा शत्रू तंबाखू. 'चिमूट सोडली तर व्यसन नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो, बायकांकडून मिश्रीच्या बाबतीत ऐकतो. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, असं नसतं. ५२ देशांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. दादांनी मांस सोडलं, दारूला हात लावला नाही, पहाटे चालले, हे सगळं त्यांच्या उपयोगी पडलंच. पण बाप ५२व्या वर्षी गेलेला आणि गालात चुना-तंबाखू, या दोन गोष्टी ते सगळं खाऊन टाकायला पुरेशा आहेत. पुडीवरच क्विटलाइनचा फुकट नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. पुडी फेकण्याआधी तो लावावा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मीही थोडक्यात सांगतो. शाकाहार म्हणजे आपोआप पथ्य नव्हे. खारी, टोस्ट, फरसाण, एकादशीची साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वडे हे सगळं शाकाहारीच आहे. तेलाच्या पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला भुलू नका, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते नसतं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल चालेल, माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास. खोबरेल आणि तूप बेतानं. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांचं पोट तेवढं सुटलेलं असतं, म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप खरी.

राहिलात तुम्ही. वडील ५२ ला, भाऊ ४९ ला. पुरुष नातेवाइकाला पंचावन्नच्या आत असं झालं तर घरातल्या बाकीच्यांचा धोका वाढतो, तेव्हा तुमची भीती अनाठायी नाही. पण त्यासाठी सीटी अँजिओग्राफीचं पॅकेज घ्यायला धावू नका. रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, कंबरेचं माप. आणि एक तपासणी जी पॅकेजात सहसा नसते: लिपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचाच एक चिकट प्रकार, पुरता आनुवंशिक. खाण्यापिण्यानं तो फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केला की सहसा पुरतो. जगात साधारण पाचांतल्या एकाचा तो वाढलेला असतो. अंगानं बारीक, कोलेस्टेरॉल बेताचं, तरी घरात लवकर अटॅक, असं दिसलं की मला आधी त्याचीच शंका येते. दादांचाही करून घ्या. त्यांचा जास्त निघाला तर त्यांच्या मुलांत तो उतरण्याची शक्यता निम्मी. आकडे आले की तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून गोळीची गरज आहे का ते ठरवा. पाळी जाईपर्यंत बायकांना हे होत नाही, असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. छातीत दाबल्यासारखं, जबडा, पाठ किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, यातलं काही दहा-पंधरा मिनिटं थांबलं नाही तर ते 'पित्त' समजून सोडा पीत बसायचं नाही. बायकांच्या बाबतीत तर हे फारच होतं. १०८ ला फोन करायचा, मोटरसायकलवर मधे बसवून न्यायचं नाही, आणि ईसीजी निघेल अशा सगळ्यात जवळच्या दवाखान्यात पोहोचायचं. गुठळी विरघळवणारं औषध या वेळी खरंच असतं, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

दादांच्या घोट्याच्या रक्तदाबाचा आणि तुम्हा दोघांच्या लिपोप्रोटीन-ए चा रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा.